एसटीत बोललो ते मागच्या सीटवर ऐकलं गेलं, आता भावाला काय सांगू?

ताई नमस्कार. मी 37 वर्षांची, पुण्यात नोकरी करते, माहेर विट्याच्या बाजूचं एक खेडं. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र वगैरे काही केलेलं नव्हतं, मागे आई, मी आणि धाकटा भाऊ. चार एकर रान आहे, त्यातलं एक एकर डांबरी रस्त्याला लागून. भाऊ वर्षभर म्हणतोय हक्कसोडपत्र करून दे, आणि मी हो पण नाही अन् नाही पण नाही असं करत दिवस ढकलतेय. यात्रेला मी आणि माझी मैत्रीण स्वारगेटहून एसटीने गेलो. आम्ही एकाच गावच्या, पहिलीपासून एका बाकावरच्या, दोघी पुण्यातच आहोत पण तीन महिने भेट नव्हती, त्यामुळे बसल्यापासून बोलतच होतो. मी तिला जमिनीचं सगळं सांगितलं, सही करायची इच्छा नाही हे पण, आणि रागात वहिनीबद्दल नको ते बोलले. तिने मला सांगितलं की ती आठ महिने नवऱ्यापासून वेगळी राहतेय आणि वकिलाला भेटून आलीय. माहेरी कुणालाच माहीत नाही कारण तिच्या वडिलांची बायपास झालीय. आमच्या मागच्या सीटवर तोंडावर टॉवेल टाकून एक माणूस झोपलेला होता, तो माझा चुलतभाऊ होता हे विट्याला उतरल्यावर कळलं. त्याचं आणि आमचं बांधावरून भांडण, वडील होते तेव्हापासून बोलणं बंद. आठ दिवसांत त्याने भावाला जाऊन सांगितलं की तुझी बहीण कोर्टात चाललीय, वकील पण गाठलाय, आणि वहिनीला मी काय बोलले ते तिखटमीठ लावून सांगितलं. मला मेसेज केला की भाऊ तुला काही देणार नाही, तुझा हिस्सा मला दे, रोख देतो. आणि मैत्रिणीला फोन करून म्हणाला की तुमच्या मैत्रिणीला समजवा, नाहीतर तुमचं वेगळं राहणं तुमच्या वडिलांच्या कानावर जाईल. आता भाऊ फोन उचलत नाही. मैत्रीण पण उचलत नाही, तिला वाटतंय मीच त्याला सांगितलं. मी सही करून टाकू का म्हणजे सगळं शांत होईल? आणि भावाला खरं सांगू का की वकील माझा नाही, मैत्रिणीचा आहे? तेवढं सांगितलं तर माझ्यावरचा आळ लगेच जाईल.

*

अगं, तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकी सगळं चार दिवस उशिरा झालं तरी चालेल पण हे एक वाक्य तोंडातून गेलं की परत येणार नाही. भावाला सांगू नकोस की वकील मैत्रिणीचा आहे. नवऱ्याला विचारून सांगू नकोस, आईच्या कानात पण नको, "नाव न घेता एक ओळखीची आहे" असं पण नको, कारण त्या बसमध्ये तुम्ही दोघीच होतात आणि नाव न घेता नाव कळणार.

मला माहीतय हे किती अवघड आहे. तू खरंच वकिलाकडे गेलेली नाहीस, तुझ्यावर खोटा आळ आलाय, आणि तो पुसायला फक्त पाच शब्द लागतात आणि ते पाचही खरे आहेत. पण ते खरं तुझं नाहीये. ते तिने तुझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे. चुलतभावाने चोरून ऐकलं आणि वापरलं, आणि आता तू ते स्वतःची सुटका करायला वापरलंस तर तिच्या बाजूने बघितलं तर दोघांत फरक काय राहिला, दोघांनी पण तिची गोष्ट आपापल्या कामासाठी खर्च केली. भावाला एवढंच सांगायचं, "मी कुठल्याही वकिलाकडे गेलेले नाही." पूर्णविराम. तो विचारेल मग त्याने वकील कुठून काढला, तर म्हण की ते त्याला विचार. नाही पटलं तर नाही पटलं. थोडे दिवस भाऊ तुला खोटारडी समजेल आणि ते तुला सहन करावं लागेल, ही या प्रकरणातली तुझी किंमत आहे असं मला वाटतं आणि ती तू द्यावीस असं मी तुला मनापासून सांगतेय.

आणि तिची परवानगी पण मागू नकोस. तुझ्या मनात येईल की तिलाच विचारते, ती हो म्हणाली तर सांगते. आत्ता ती घाबरलेली आहे, तुझ्यावर चिडलेली आहे, अशा वेळी "माझ्या भावाला तुझं सांगू का" असं विचारलंस तर नाही म्हणायला तिला जागाच राहत नाही. तिने आपणहून म्हटलं तर गोष्ट वेगळी.

आता बसबद्दल. तुझं मूळ पत्र चार पानी, वर थोडकंच घेतलंय, त्यात तू चार ठिकाणी लिहिलंयस की माझीच चूक, मी कशाला बोलले. आपल्याकडे जुना शब्द आहे षट्कर्णी होणं. दोन माणसांचे चार कान, तिसरा आला की सहा, आणि सहा कानांत गेलेली गोष्ट फुटते, राजाचा मसलतखाना असो नाहीतर लाल एसटी, हिशोब तोच. पण मला एक सांग, तू आणि ती कुठे बोलणार होतात? तुझ्या घरी सासूबाई आणि दोन खोल्या, तिच्या घरी ती एकटी असली तरी तुला तिकडे जायला कारण सांगावं लागतं, फोनवर बोलायचं तर मुलं मध्ये येतात. सतरा मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून कितीतरी जणींचं माहेरी जाणं वाढलंय, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत मी बघते की बायकांचं मन मोकळं होण्याची जागा हीच असते, प्रवासाचे चारपाच तास, हातात काम नाही, कुणी हाक मारत नाही. त्यामुळे बोललात म्हणून मी तुला दोष देणार नाही. तिने आठ महिने पोटात ठेवलेलं शेवटी कुणाला तरी सांगितलं, ते चांगलंच झालं.

दोष नाही पण झालं कसं ते समजून घे, कारण मैत्रिणीला तुला ते समजावून सांगायचंय. गाडी खंबाटकी चढायला लागते तेव्हा इंजिन एवढं ओरडतं, खिडकीच्या काचा खडखडतात, की शेजारच्याशी बोलायला पण आवाज चढवावा लागतो. आपल्याला वाटतं एवढ्या आवाजात कोण ऐकतंय. मग घाट संपतो, गाडी सपाटीला लागते, इंजिन शांत होतं, पण आपला आवाज त्याच पट्टीत राहतो, तो लगेच खाली येत नाही. सातारा स्टँडवर ड्रायव्हर गाडी बंद करून चहाला जातो तेव्हा तर अख्ख्या गाडीत फक्त आपलंच बोलणं ऐकू येत असतं आणि आपण बोलण्यात एवढे गुंग की कळत पण नाही. शिवाय सीटची पाठ उंच असली की मागच्याचं तोंड दिसत नाही पण आवाज वरून आणि मधल्या फटीतून सरळ मागे जातो. म्हणजे त्याने ऐकलं, पण तुकड्या तुकड्याने ऐकलं. घाटातलं गेलं असेल, स्टँडवरचं स्वच्छ मिळालं असेल.

हे तुकडे फार महत्त्वाचे आहेत. मी स्वतः एकदा ऐकणारी होते. खूप वर्षांपूर्वी कोल्हापूरहून मुंबईला रात्रीच्या गाडीने येत होते, वरच्या बर्थवर, झोप नव्हती, आणि खाली दोघी जणी बोलत होत्या. मिरज सुटल्यापासून मी ऐकत होते. मला वाटलं त्या एका मुलीला घराबाहेर काढायच्या गोष्टी करतायत, माझा जीव नुसता कळवळला, पुणं येईपर्यंत मी मनात त्या मुलीची अख्खी गोष्ट रचली होती. सकाळी दादरला उतरताना कळलं की मुलगी हॉस्टेलला चाललेली आहे आणि ती आनंदाने चाललेली आहे. मधले शब्द मला ऐकूच आले नव्हते, ते मीच भरले होते. मला त्यांच्याबद्दल काही वाईट करायचं नव्हतं तरी माझ्याकडून एवढी चूक झाली, मग ज्याच्या मनात आधीच बांधाचं भांडण आहे तो माणूस मधले शब्द कुठल्या रंगाने भरेल बघ. त्याने "वकील" ऐकलं आणि "सही करणार नाही" ऐकलं, आणि दोन्ही तुझ्या नावावर जोडून टाकलं.

आणि इथेच तुझी सुटका आहे, भावाकडे नाही, मैत्रिणीकडे. नीट बघ. तू जर त्याला सांगितलं असतंस तर वकील कुणाचा हे त्याला बरोबर माहीत असतं. त्याला ते माहीत नाहीये. तो भावाला सांगून आला की वकील तुझा. मैत्रिणीला धमकावताना पण, तू लिहिलंयस त्यावरून, तो फक्त वेगळं राहण्याबद्दल बोलला, वकिलाचा शब्द काढला नाही, आणि ज्याला तिला घाबरवायचंच आहे तो एवढी मोठी गोष्ट हातात असताना सोडेल का? म्हणजे त्याच्याकडे जे आहे ते मागच्या सीटवरून ऐकलेलं अर्धंमुर्धं आहे, कुणी समजावून सांगितलेलं नाही. अजून एक, तिने बसच्या आधी तुला आणखी काही सांगितलं असेल ना, फोनवर, भेटल्यावर, त्यातलं काही त्याला माहीतय का? मला खात्री आहे की नसणार. हे तिला सांग. रडून, शपथा घालून सांगितलेल्यापेक्षा तिला हे जास्त पटेल, कारण ती स्वतः ताडून बघू शकते.

फोन ती उचलत नाही तर फोन करत राहू नकोस, वीस मिस्ड कॉल बघून माणूस अजून घाबरतं. व्हॉट्सॲपवर पण लिहू नकोस, जे लपवायचंय ते परत लिहून कशाला ठेवायचं. शनिवारी तिच्याकडे जा. दार उघडलं नाही तर परत ये आणि पुढच्या शनिवारी जा. उघडलं तर पहिलं वाक्य "मी नाही सांगितलं" हे नको, ती तेच ऐकायला तयार नाहीये. पहिलं वाक्य हे असू दे की मागच्या सीटवर तो होता, टॉवेल टाकून, मला विट्याला उतरल्यावर कळलं आणि मी तुला तेव्हाच सांगितलं नाही. कारण हे आहे ना, तू पत्रात ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस पण माझी नजर तिथेच अडकली. तू त्याला विट्याच्या स्टँडवर ओळखलंस. तेव्हाच तिला सांगितलं असतंस तर तिच्या हातात आठ दिवस होते, तिला वडिलांशी काय बोलायचं ते ठरवता आलं असतं. तू घाबरलीस, तुला वाटलं कदाचित झोपलेला असेल, कदाचित ऐकलं नसेल, मला समजतं, मी पण कदाचित तसंच केलं असतं. पण माफी मागायची असेल तर ती याची माग. बसमध्ये बोलण्याची नाही, ते आठ दिवस गप्प राहण्याची. ती चिडेल आणि तिचं चिडणं बरोबर असेल. बसून ऐकून घे.

मग धमकीचं. तो जे म्हणाला, समजवा नाहीतर वडिलांच्या कानावर घालीन, हा नुसता चोंबडेपणा नाहीये. एखाद्याच्या अब्रूला धक्का लावायची धमकी देऊन त्याच्याकडून काही करून घेणं हा गुन्हा आहे, 1 जुलै 2024 पासून जी भारतीय न्याय संहिता लागू झाली तिच्यात कलम 351 धाकदपटशाचं आहे आणि धाक घालून पैसा किंवा मालमत्ता काढून घेतली तर कलम 308 खंडणीचं. तक्रार करायची की नाही हे मात्र तिचं, तुझं नाही, कारण तक्रार केली की पोलीस विचारणार काय सांगायची धमकी दिली आणि मग ते कागदावर येणार. तुझं काम एवढंच की तुला आलेले मेसेज डिलीट करू नकोस, तारीख वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढून ठेव, आणि तिला पण सांग की त्याचा परत फोन आला तर शांतपणे "जे काय आहे ते मेसेजवर लिहून पाठवा" म्हणायचं. असली माणसं बोलायला पुढे असतात, लिहायची वेळ आली की बहुतेक गप्प होतात. आणि तिला कायद्याचा आधार हवा असेल तर बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, आणि 181 ही महिला हेल्पलाइन आहे.

वडिलांना स्वतःच सांगून टाक असं तिला लगेच म्हणू नकोस. मला स्वतःला वाटतं की तिने सांगावं, त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा लेकीच्या तोंडून ऐकलेलं ते बायपास झालेलं काळीज पण जास्त सोसेल, आणि सांगून टाकलं की त्याच्या हातात मग काही उरतच नाही. पण हे माझं मत आहे, तिचा निर्णय नाही. वडिलांच्या डॉक्टरांशी आधी बोलायचं, की आधी आईला सांगायचं, की अजून महिनाभर थांबायचं, हे ती ठरवेल. तू फक्त विचार, "तू सांगायला गेलीस तर मी बरोबर येऊ का?" एवढं पुष्कळ झालं.

आता सही. शांतता हवी म्हणून सही करू नकोस. मी असं म्हणत नाहीये की हिस्सा घेच, कितीतरी बहिणी विचार करून, मनापासून सोडतात आणि त्यांना कधी पस्तावा होत नाही. पण आत्ता तू सही केलीस तर ती भावावरच्या मायेने केलेली नसेल, चुलतभावाच्या भीतीने केलेली असेल, आणि दरवर्षी भाऊबीजेला ओवाळताना ते तुला आठवेल. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलं जातं आणि एकदा नोंदवलं की तुला एकटीला ते मोडायला कोर्टाशिवाय वाट नाही, तेही फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करत बसायचं. साध्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या कागदावर तर कुणालाच सही देऊ नकोस, भावाला पण नाही.

तुझा हक्क काय ते तरी माहीत असू दे, नाहीतर तू सोडतेयस काय हेच तुला कळणार नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, मागे आई, मुलगा आणि मुलगी, म्हणजे जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असेल तर तिघांचा सारखा हिस्सा, आणि आजोबांपासून आलेली वडिलोपार्जित असली तरी तुमच्या घरात हिशोब फिरून तिघांना एकतृतीयांशच येतो. "लग्न झालं, हुंडापांडा दिला, आता कसला हिस्सा" हे गावात अजून म्हणतात, पण महाराष्ट्राने 1994 मध्येच कायदा बदलून ज्यांचं लग्न झालेलं नव्हतं अशा मुलींना वडिलोपार्जित जमिनीत मुलासारखा हक्क दिला, 9 सप्टेंबर 2005 पासून तो देशभर सगळ्याच मुलींना मिळाला, लग्न झालेलं असो नसो, आणि 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मापासूनचा आहे. आधी घरबसल्या महाभूमीच्या साइटवरून डिजिटल सहीचा सातबारा काढ, 15 रुपये लागतात, आणि बघ वारस नोंद झालीय का, तुमची तिघांची नावं लागलीयत का. भाऊ तुला सांगतोय ते आणि कागदावर आहे ते एकच आहे का हे दहा मिनिटांत कळेल. मला वाटतं नावं लागलेली असणार, म्हणून तर हक्कसोड मागतोय.

हे सगळं भावाविरुद्ध वापरायला सांगत नाहीये. उलट हा सातबारा घेऊन तू त्याच्यासमोर बस असं सांगतेय. बघ ना, चुलतभावाने तुझ्याबद्दल भावाला दोन गोष्टी सांगितल्या. वकिलाची खोटी आहे. पण सही करायची इच्छा नाही ही खरी आहे! आणि भावाला जे लागलंय ते कदाचित तेच असेल, की वर्षभर मी विचारतोय तर ताई मला काही बोलत नाही आणि एसटीत मैत्रिणीला सगळं सांगते. वर्षभर तू हो नाही करत राहिलीस तीच जागा मोकळी होती म्हणून चुलतभावाला काडी घालता आली. तर आता तुझं जे आहे ते तू स्वतः सांग. गावी जा, आई समोर असू दे, आणि म्हण की होय, मी म्हणाले की मला सही करायची नाहीये, हे तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, परक्याच्या तोंडून कळलं हे वाईट झालं. आणि का नाही ते पण सांग. तुझ्या पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, वर दिलेल्या मजकुरात ते घेतलं नाही पण इथे सांगते, की तुला पैसे नकोत, आईच्या नावावर काहीतरी राहावं एवढंच वाटतं. अगं मग हे तू त्याला कधी बोललीस का? टेंभू सिंचन योजनेचं पाणी त्या भागात फिरल्यापासून रस्त्याकडेच्या रानाला जो भाव आलाय त्यामुळे त्याला वाटत असेल बहीण पण त्या वाढलेल्या किमतीवर डोळा ठेवून बसलीय. आईचा एकतृतीयांश आईच्याच नावावर राहणार असेल तर तू तुझ्या हिश्श्याचं काय करशील हे त्याला मोकळेपणाने सांग, आणि सगळ्यांचं जमलं तर सहमतीने तहसीलदाराकडे वाटप करून घेता येतं, महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली, त्याला कोर्टकचेरी लागत नाही.

वहिनीचं वेगळं. तिथे सारवासारव करू नकोस, "मी तसं म्हणालेच नव्हते, त्यानेच वाढवलं" असं नको, कारण वाढवलं असेल पण म्हणाली तर होतीस. तिला एकटीला गाठ, चुलीपाशी, गोठ्यात, जिथे ती असेल तिथे, आणि सांग की मी रागात बोलले, ते बोलायला नको होतं, तुम्ही दोन वर्षं आईचं सगळं करताय ते मला दिसतं. ती लगेच विरघळणार नाही. पण चुलतभावाने तिला तुझे शब्द सांगितलेत, तू नाकारलंस तर तुझं पुढचं सगळंच तिला खोटं वाटेल.

आणि चुलतभावाला स्वतःला काय म्हणायचं? काही नाही. ना भांडण, ना खुलासा, ना "तू ऐकलंस तरी कसं". तो आणखी दोन वाक्यं काढायला बसलाय, तुला राग आला की तू बोलणार आणि ती त्याला मिळणार. त्याच्या हिश्श्याच्या मेसेजला एक ओळ, "मला विकायचा नाही", आणि बास. त्याचा डाव काय आहे ते मात्र तुम्ही तिघांनी एकत्र बसून समजून घ्या. वाटप न झालेल्या जमिनीतला वारसाचा हिस्सा विकायचा झाला तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे विकत घ्यायचा पहिला हक्क तुमच्यासारख्या सहवारसांचा, म्हणजे भावाचा आणि आईचा असतो, आणि हे शेतजमिनीला पण लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने 2019 ला सांगितलंय. चुलतभाऊ त्यात येत नाही. म्हणजे भाऊ आणि तू एकमेकांशी बोलत असाल तर तो रस्त्याकडेचा तुकडा त्याला मिळायची वाटच बंद आहे, आणि तुमचं बोलणं तुटलं, तू रागाने त्याला लिहून दिलंस, भावाने रागाने लक्षच दिलं नाही, तरच त्याचा पाय तुमच्या बांधाच्या आत येतो. मग तो वाटणी मागू शकतो, आणि वडिलांनी इतकी वर्षं राखलेल्या रानात हा माणूस मोजणी लावून उभा राहील. हे भावाला तुझ्या तोंडून कळू दे. जमिनीच्या बाबतीत तो तुझ्यापेक्षा हुशार आहे, अर्ध्या मिनिटात समजेल त्याला.

फोन उचलत नाहीये तर आईच्या फोनवर कर. आणि आईशी बोलताना फक्त भावाला द्यायला सांगू नकोस, तिला पण विचार की तिच्या मनात त्या रानाचं काय आहे. तुझं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं, त्यात तुझं मत आहे, भावाचं आहे, चुलतभावाचं आहे, वहिनीचं पण आहे. एकतृतीयांश जिचा आहे तिला दोन वर्षांत कुणी विचारलेलं मला कुठे दिसलं नाही.

पण ते रविवारी कर. शनिवारी आधी मैत्रिणीकडे जा.